डोंगरावरचं लग्न आणि कोरं कापड

हल्ली लग्नाच्या फोटोंत डोंगर हवाच असतो. मागे धुकं, पायाखाली फुलं, नवरीच्या केसात रानवेल. माझ्या मामेबहिणीनेही मला असे चाळीसेक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. खाली ओळ, "दादा, असंच पाहिजे. एकदम नॅचरल."

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कोणी 'असंच पाहिजे' म्हटलं की आधी रिक्वायरमेंट तपासतो :)

पहिली अडचण पंचांगाची. आमच्याकडचा फुलांचा डोंगर म्हणजे पन्हाळ्याजवळचं मसाई पठार. जांभ्या दगडाचा सडा, त्यावर बोटभर माती. तिथली फुलं ऑगस्ट-सप्टेंबरमधली. नेमका तेव्हा चातुर्मास! मुहूर्त सुरू होतात तुळशीच्या लग्नानंतर, आणि तोवर सड्यावर वाळकं गवत उरतं. शिवाय ते पठार २०२२ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. दोनशे माणसांच्या चपला आणि जनरेटर तिथे नकोच. पातळ मातीतली ती रोपं एका मांडवाखाली संपतील.

म्हणून ठरलं ते आळत्याजवळ, रामलिंगच्या डोंगराच्या पायथ्याशी, एका नातेवाइकांच्या शेतात. कबनूरहून गाडीने अर्धा तास. फेब्रुवारी महिना, गोरज मुहूर्त, ६ वाजून ३४ मिनिटं.

गोरज मुहूर्त हे मला फार आवडलेलं प्रकरण आहे. फोटोग्राफर ज्याला 'गोल्डन अवर' म्हणतात तीच ही वेळ. गुरं घरी परततात, त्यांच्या खुरांची धूळ उडते आणि तिरपा उजेड त्या धुळीत दिसायला लागतो. आपल्या लोकांनी उजेडाची उत्तम वेळ लग्नासाठी केव्हाच राखून ठेवली आहे.

पण डोंगर म्हटला की उजेडाचं गणित बदलतं. दोन दिवस आधी मी त्याच वेळी शेतात जाऊन उभा राहिलो. शेत डोंगराच्या पूर्वेला. सूर्यास्त साडेसहाच्या पुढे, पण सहा वाजायच्या आतच सूर्य डोंगराआड आणि सगळं शेत सावलीत! म्हणजे मुहूर्ताला सोनेरी उजेड मिळणार नाही हे नक्की. आणि सावलीत फोटो निळसर येतात, चेहरे आजारी दिसतात.

मधल्या वेळात डेकोरेशनवाल्याचा टेम्पो आला. 'निसर्ग थीम'. उघडून बघतो तर प्लास्टिकची पानं, प्लास्टिकच्या वेली आणि रंगीत धुराच्या नळकांड्या. नळकांड्या मी तिथल्या तिथे परत पाठवल्या. फेब्रुवारीतलं गवत म्हणजे काडीच लावायची बाकी. वणवा लागला तर लग्न राहील बाजूला. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी देवकाची परडी आणून ठेवली. वड, पिंपळ, उंबर, आंबा, जांभूळ. आमच्या मामांचं देवक पंचपल्लवाचं. पाच झाडांना साक्षीला बोलावल्याशिवाय ज्या घरात लग्न लागत नाही, त्या घराला निसर्ग थीम विकायला आलेला टेम्पो. असो.

आता मामांबद्दल. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आला १९०४ साली, आणि पुढे आसपासची गावंही मागावर जगायला लागली. कबनूर त्यातलंच. मामांच्या घरामागे शेड, शेडात चार साधे माग. मी लहानपणी सुट्टीत त्या खडखडाटात झोपायला शिकलो. नव्या बिनधोट्याच्या मागांपुढे साध्या मागांचं गणित जुळेना. लग्नाच्या आधी मामांनी चारही माग मोडीत काढले. मागाला मोडीत भाव किलोवर मिळतो. त्या पैशातला बराचसा या लग्नात गेला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मुहूर्ताच्या अर्धा तास आधी भटजींनी अंतरपाट मागितला. मामांनी पिशवीतून घडी काढली. कोरं कापड, सायीच्या रंगाचं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक.

"शेवटच्या मागावरचं हाय," मला म्हणाले. "ह्यो उतरवला आन् मग माग दिला."

अंतरपाट धरला गेला आणि मला माझ्या अडचणीचं उत्तर मिळालं. ते कापड म्हणजे भलामोठा रिफ्लेक्टरच! वरून आभाळाचा मऊ उजेड, तो त्या सायीच्या रंगावरून उलटून दोघांच्या चेहऱ्यावर. निळसरपणा गेला. एफ/२.८, १/५००, आयएसओ ८००. फ्लॅश काढलाच नाही. शेवटचं 'सावधान' झालं, कापड खाली आलं, वरून जोंधळ्याच्या अक्षता. १/५०० ला दाणा न् दाणा हवेत थांबलेला. पुढच्या पंधरा मिनिटांत मी आयएसओ ३२०० वर पोचलो होतो.

२०१७ मध्ये कोल्हापूरकडच्याच एका गिर्यारोहक जोडप्याने दरीवर दोर बांधून अधांतरी लग्न लावलं होतं. भटजीसुद्धा दोरावर! ते फोटो खूप फिरले. लोकांनी त्याला स्टंट म्हटलं, मला तेव्हाही तसं वाटलं नव्हतं. दोर हे त्यांचं रोजचं साधन होतं, तेच त्यांनी लग्नात आणलं. अस्सल म्हणजे एवढंच असावं, हे आपलं माझं मत. तोच दोर आमच्या मामांना बांधला असता तर मात्र स्टंट झाला असता.

बहिणीने चाळीस नमुन्यांतले चार फोटो जमले म्हणून मला माफ केलं. अल्बममधला पहिला फोटो तिनेच निवडला, अंतरपाटाचा. डोंगर मागे नुसती काळपट रेघ.

मामांना तो लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, मग म्हणाले, "ह्ये कापड मोठं कर की." मी झूम केलं. बराच वेळ बघत राहिले. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले,

"हितं ताण्याचा एक धागा तुटलाय बग. तवा ध्यानात न्हाई आलं."

तो धागा फोटोशॉपमध्ये सांधता आला असता. तसाच ठेवलाय.