तिघींतली एक

संध्याकाळची डोंबिवली फास्ट चुकली की माझा पहिला फोन नवऱ्याला नसतो, काकूंना असतो. ‘काकू, वीस मिनिटं उशीर होईल हं!’ पलीकडून ठरलेलं उत्तर, ‘असू दे गं, वरणभात खातोय तो.’ आमचं पाळणाघर म्हणजे काकूंचा तळमजल्यावरचा वन बीएचके. अकरा मुलं, काकू आणि मदतीला मावशी. आमच्यासारख्या कित्येकींच्या नोकऱ्या या फ्लॅटच्या भरवशावर चालतात. बॉसला हे ठाऊक नसतं, एवढंच.

तर, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जूनमध्ये पाळणाघरात एक नवीन मुलगा आला. माझ्या मुलाच्याच वयाचा, साडेतीन वर्षांचा. डोक्यावर कायम निळी टोपी. ती काढली की रडारड, म्हणून सगळे त्याला टोपीवालाच म्हणायला लागले. बोलायचा अगदी कमी. मिक्सर लागला की कान दाबून किंचाळायचा. नाहीतर दारामागे बसून एकाच गाडीचं चाक अर्धा अर्धा तास फिरवायचा. ‘त्याला ऑटिझम आहे,’ त्याच्या आईने पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांना सांगून टाकलं. मीटिंगमध्ये अजेंडा वाचून दाखवावा, तितक्या सरळ आवाजात.

पंधरा दिवसांनी त्याने माझ्या मुलाच्या दंडाला चावा घेतला.

आता खरं सांगते. त्या आठवड्यात काकूंना गाठून ‘त्याच्यासाठी स्पेशल शाळा असतात ना हो?’ असं विचारणाऱ्या तिघीजणी होत्या. त्यातली एक मी. भाषा अगदी सभ्य. ‘त्याच्याच भल्यासाठी’ वगैरे. अर्थ एकच, त्याला काढा, नाहीतर आम्ही आमची मुलं काढतो. तीन मुलं गेली तर काकूंचं महिन्याचं गणित कोलमडेल, हे आम्हाला चांगलं माहीत होतं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. चहा दिला. मग म्हणाल्या, ‘चावला कधी, ते विचारलंत का कोणी?’

नव्हतं विचारलं. चार वाजता चावला होता. अकरा मुलं खाऊसाठी एकदम उठलेली, टीव्ही चालू, मावशींनी मिक्सर लावलेला आणि त्यातच माझ्या चिरंजिवांनी त्याची टोपी ओढलेली. ‘एवढ्या गोंधळात एखाद्या दिवशी मीसुद्धा चावेन,’ काकू म्हणाल्या. ‘मला एक महिना द्या. मग बघू कोणाला काढायचं ते.’

त्या रविवारी काकू त्याच्या आईबरोबर त्याच्या थेरपिस्टकडे जाऊन आल्या आणि सोमवारपासून घर बदलायला लागलं. मिक्सरचं काम मुलं यायच्या आत उरकायचं. टीव्ही बंद. खाऊला सगळ्यांनी एकदम उठायचं नाही, तीन-चार मुलांच्या गटाने बसायचं. भिंतीवर मुलांच्या उंचीला सहा चित्रं लागली : चप्पल, खेळणी, ताट, उशी, दूध आणि शेवटी आई. एकेक गोष्ट झाली की तिचं चित्र उलटं करायचं. कपाट थोडं सरकवून, त्याला जुनी साडी बांधून एक कोपरा तयार झाला. नको वाटलं की कोणीही तिथे जाऊन बसावं, कोणी त्याला ओढून बाहेर काढायचं नाही. आणि एक कडक नियम, टोपीला हात लावायचा नाही.

जादू वगैरे काही झाली नाही. तो किंचाळायचा थांबला नाही, कमी किंचाळायला लागला. पण गंमत पुढेच आहे. साडीमागच्या कोपऱ्यात सगळ्यात आधी जाऊन बसली ती घरात नुकतंच बाळ आलेली एक छोटी. आणि रोज दुपारी ‘आई कधी येणार’ म्हणून भोकाड पसरणारा माझा मुलगा? तो चित्रांसमोर उभा राहून हिशेब करायला लागला, ‘दूध झालं. आता आई.’ रडणं संपलं. मी सात महिने केलेल्या सगळ्या समजुती एका चित्राने केल्या!

मग आला पैशाचा प्रश्न. दुपारी तीन तासांसाठी दुसरी मावशी हवी होती. ‘तिचा पगार मी देते,’ टोपीवाल्याची आई म्हणाली. काकू नाही म्हणाल्या. ‘शांत झोप सगळ्यांचीच मुलं काढताहेत ना? मग पैसेही सगळ्यांनी द्यायचे.’ प्रत्येकी महिना चारशे रुपये. आमच्यातल्या एकीने मुलीला काढलं. मी राहिले. मनाचा मोठेपणा म्हणून नाही. स्टेशनच्या वाटेवर दुसरं पाळणाघर नव्हतं आणि मुलगा रमला होता.

पुढे मी जरा वाचलं. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात ऑटिझमही आहे. १९९५च्या कायद्यात सातच होते आणि त्यात तो नव्हता. पण या नव्या कायद्यातला मोफत शिक्षणाचा हक्क आहे सहा ते अठरा वयासाठी. अंगणवाड्यांसाठी केंद्राने दिव्यांग मुलांची मार्गदर्शिका काढली, ती नोव्हेंबर २०२३मध्ये. सोसायटीतल्या वन बीएचकेमध्ये साडेतीन वर्षांच्या मुलाला ठेवून घ्यायचं की नाही, हे ठरतं ते काकूंच्या आणि आमच्यासारख्या तिघींच्या मर्जीवर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. काकूंनी यातलं काही वाचलेलं नाही. त्यांनी फक्त कपाट सरकवलं.

आणि हो, काकू सगळ्यांनाच हो म्हणत नाहीत. गेल्या वर्षी वारंवार फिट येणाऱ्या एका बाळाला त्यांनी नाही म्हटलं. ‘नर्स नाही गं माझ्याकडे. उगाच हो म्हणून त्याच्या जिवाशी कशाला खेळू?’ त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं मावशींनी सांगितलं. चारशे रुपयांत सगळं बसत नाही.

टोपीवाल्याची आई आता माझ्याच डब्यात असते. एकदा घाटकोपरला जागा मिळाल्यावर मी धीर करून म्हटलं, ‘तेव्हा काकूंकडे तक्रार करणाऱ्यांत मीपण होते.’

‘माहितीये,’ ती म्हणाली. ‘हे आमचं चौथं पाळणाघर. राजीनाम्याची मेल ड्राफ्टमध्ये तयार होती माझी. आधीच्या ठिकाणी तर एकाच आईने काम झालं होतं. इथे तिघी आलात, तरी जमलं नाही तुम्हाला!’ आणि हसली. मला मात्र लगेच हसता आलं नाही.

परवा पुन्हा गाडी चुकली. शाळा सुटल्यावर दोघं अजूनही काकूंकडेच असतात. मी फोन केला, ‘काकू, वीस मिनिटं...’

‘असू दे गं. दोघं साडीमागे बसलेत. चाक फिरवताहेत.’