लख्ख!

नाटकाचे परीक्षण वाचून नाटकाला गेलेला माणूस फसला, तर तिकिटाचे पैसे आणि एक संध्याकाळ, एवढेच त्याचे नुकसान होते. कार्टूनपटाच्या तबकडीची गोष्ट निराळी. परीक्षण वाचून माणूस ती विकत घेतो, कपाटात मानाने ठेवतो, आणि पुढे वीस वर्षे घरातली पोरे तेच चित्र अस्सल मानून मोठी होतात. तेव्हा परीक्षकाने ती तबकडी डोळे उघडे ठेवून पाहिली होती की नाही, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

हे ज्ञान मला आमच्या पुतण्यामुळे झाले. वय बत्तीस, चांगली नोकरी, एका मुलीचा बाप. पण जुन्या अमेरिकन कार्टूनपटांचा नाद काही सुटलेला नाही. रविवारी त्याचे तीन-चार समानधर्मी मित्र आमच्याकडे जमतात आणि एखाद्या परीक्षणाची अशी उलटतपासणी घेतात, की मुरलेल्या फौजदारी वकिलाने शेजारी बसून टिपणे घ्यावीत!

परवाचा वाद होता डिस्नेच्या ‘सिंड्रेला’वर. हा चित्रपट १९५० सालचा. २०१२ साली त्याची ब्लू-रे तबकडी निघाली, तेव्हा चित्र अगदी नव्यासारखे लख्ख आहे, असा बऱ्याच परीक्षणांचा सूर होता.

“मग त्यात खोटं काय?” एक मित्र म्हणाला. “लख्ख आहेच की!”

“लख्ख आहे रे,” पुतण्या म्हणाला, “पण झग्यावरच्या बारीक रेघा कुठं गेल्या?”

मला ह्यातले ओ की ठो कळेना. तेव्हा त्याने मला समोर बसवून शिकवणीच घेतली. त्या काळी चित्रकाराने पेन्सिलीने काढलेली रेषा पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने हातानेच गिरवावी लागे. डिस्नेच्या चित्रशाळेत हे काम बहुतेक बायका करीत. हात जरा हलला, की रेषा बिघडली. एवढे करून बहुतेकींची नावे पडद्यावर कधी झळकली नाहीत. त्यांची खूण काय ती ह्या रेषेतच उरली.

आता जुनी फिल्म स्वच्छ करणारे यंत्र काय करते? ते शेजारशेजारच्या चौकटी ताडून पाहते. एकाच चौकटीत आहे आणि मागच्यापुढच्या चौकटींत नाही, असे जे दिसेल ते धूळ किंवा ओरखडा समजून पुसून टाकते. पण कार्टूनमधली झपाट्याने हलणारी रेषाही त्या जागी एका-दोन चौकटींपुरतीच असते! यंत्राचा हात सैल सुटला, की धुळीबरोबर तीही जाते. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून डिस्नेच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांत पेन्सिलीची रेषा यंत्राने थेट सेल्युलॉइडवर उतरवू लागले. १९६३ च्या ‘द सोर्ड इन द स्टोन’ची सगळी गोडी अशा खडबडीत रेषांत आहे. २०१३ साली त्याची ब्लू-रे निघाली, तेव्हा ओल्या बोटाने पुसावे तशा त्या रेषा फासल्या गेल्या, म्हणून जगभरच्या षौकिनांनी कपाळाला हात लावला.

“पण परीक्षकाला खोटारडा का म्हणायचं?” पहिला मित्र हट्टाला पेटला होता. “त्याच्याजवळ जुनी प्रत नसेल. आणि तू तरी ती ब्लू-रे स्वतः पाहिलीस का? का कुणी छापलेली दोन चित्रं बघून निकाल दिलास?”

पुतण्या एकदम गप्प झाला. मला तो मित्र मनापासून आवडला. षौकिनाची साक्षही तपासून घ्यावी लागतेच.

इतक्यात आमची सौभाग्यवती स्वयंपाकघरातून एक तांब्याचा गडू घेऊन बाहेर आली. नव्या बाईने तो तारेच्या घासणीने इतका घासला होता, की त्यात तोंड दिसावे. “बघा, लख्ख आहे की नाही?” ती म्हणाली. “आता ह्यावर नाव कुणाचं होतं, ते वाचून दाखवा!”

नाव माझ्या आईचे होते. तिच्या लग्नात आलेला तो गडू. आता ‘सौ.’ एवढेच अक्षर बोटाला लागत होते. पुतण्याने तो हातात घेतला, उजेडात फिरवून पाहिला, आणि न बोलता मित्राकडे दिला.

मला वाटते, त्या परीक्षकांनी लिहिले ते खोटे नव्हते. गडू चकचकीत आहे, असे सांगणारा खोटे बोलत नाही. पण पूर्वी त्यावर काय होते हे ज्याला ठाऊक नाही, त्याची साक्ष चकाकीपुरतीच धरावी. म्हणून परीक्षण हाती आले, की मी आता तीन गोष्टी शोधतो: ह्याने वस्तू पुरती पाहिली का, कशाशी ताडून पाहिली, आणि ती फुकट मिळाली असल्यास तसे सांगितले का.

‘सिंड्रेला’चे नशीब थोर. २०२३ साली मूळ निगेटिव्हपासून तिची नवी प्रत तयार झाली आणि हरवलेल्या रेषा पुन्हा दिसू लागल्या. मूळ निगेटिव्ह जपलेले होते, म्हणून हे साधले. गडवाला निगेटिव्ह नसते.

असो. थोड्याच दिवसांत दिवाळी अंकांची परीक्षणे येऊ लागतील. ह्या अंकाचेही येईल. त्यात ‘मुखपृष्ठ आकर्षक, छपाई सुबक, मजकूर वाचनीय’ एवढेच असेल, तर परीक्षकाला गडू चकचकीत दिसला, असे खुशाल समजा. आत कुणाचे नाव कोरलेले आहे, ते मात्र तुम्हीच पाने उलटून पाहायला हवे.