रमजानची वेळ आणि प्रोग्रामातली खुंटी

आमच्या संस्थेत मराठी आणि उर्दू अशा दोन माध्यमांच्या शाळा एकाच आवारात भरतात. हजेरीचा प्रोग्राम दोघींना एकच, पीएचपीत लिहिलेला. त्यात शाळा भरण्याची वेळ ११ अशी थेट लिहून ठेवलेली. रमजानात उर्दू शाळा सकाळी साडेसातला भरते. तेव्हा हजेरी घ्यायला गेलं की पडद्यावर यायचं, 'शाळा अजून भरलेली नाही.' समोर पन्नास पोरं बसलेली!

मग बनवणाऱ्याला अर्ज. तो मुख्य फाइल उघडून 'उर्दू असेल तर' अशी एक अट घुसडायचा. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली की जुनी फाइल पुसली जायची, आमची अटही जायची. पुन्हा अर्ज. "तुमच्यासाठी दरवेळी वेगळं करावं लागतं, सर," हे त्याचं वाक्य मला टोचायचं. अकराची वेळ कुणासाठी वेगळी केलेली नव्हती का?

दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. तो प्रोग्रामर. त्याने सांगितलं की फाइलमध्ये वेळ बदलायचीच नाही, तिथे हुक ठेवायचा. वर्डप्रेसने हेच 2004 साली 1.2 या आवृत्तीत आणलं आणि जगभरातल्या लोकांनी मूळ कोडला हात न लावता त्यात हवी ती भर घातली.

हुक म्हणजे भिंतीतली खुंटी. घर बांधणाऱ्याने ती ठोकून ठेवायची, काय टांगायचं ते राहणारा ठरवेल. कोडमध्ये ही खुंटी म्हणजे एक साधा ॲरे. 'शाळेची वेळ' या नावाखाली कोणकोणती फंक्शन्स नोंदवली आहेत, त्याची ती यादी. मुख्य प्रोग्राम त्या ओळीवर आला की थांबून विचारतो, माझ्याकडे ११ आहेत, कुणाला काही म्हणायचंय? यादीतलं एकेक फंक्शन ती वेळ हातात घेतं, बदलतं किंवा तशीच ठेवतं आणि परत देतं. याला फिल्टर म्हणतात. दुसरा प्रकार ॲक्शन. हजेरी जतन झाली की नुसती हाळी द्यायची, ज्याला पालकांना मेसेज पाठवायचा त्याने पाठवावा. तिथे परत काही द्यायचं नसतं. फिल्टरमध्ये मात्र 'रिटर्न' राहिलं की पीएचपी पुढे नल पाठवतं, आणि शाळेला वेळच उरत नाही. म्हणून परत आलेली वेळ तपासून, ती धड नसेल तर आपली अकराच धरायची, एवढी खबरदारी मुख्य कोडने घ्यायची.

हे सगळं तीसेक ओळींत बसलं. खरी गंमत पुढे होती. 2025 साली रमजान मार्चमध्ये आला, आणि उन्हाळ्याची सकाळची शाळाही तेव्हाच. एकाच खुंटीवर दोन टोप्या. कुणाची वेळ धरायची? त्यासाठी प्रत्येक फंक्शनला क्रमांक असतो. वर्डप्रेसमध्ये न सांगितल्यास तो 10 धरतात, लहान क्रमांक आधी चालतो. फिल्टरमध्ये शेवटी बोलणाऱ्याचं खरं, म्हणून उन्हाळ्याला 10 आणि रमजानला 20 दिला. तारखा कोडमध्ये लिहिल्या नाहीत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आणि शेवटी चाँद दिसल्यावरच ठरतं. मुख्याध्यापक आदल्या रात्री एक बटण दाबतात.

मूळ प्रोग्राम बनवणाऱ्याने ही खुंटी आपल्या आवृत्तीत घेतली. आता अद्ययावत केलं तरी आमची फाइल वेगळ्या फोल्डरात सुखरूप असते. मराठी शाळेच्या बाईंनी आठवडी बाजाराच्या दिवसासाठी तशीच एक मागितली आहे.

विद्यार्थ्याला गुणांच्या बेरजेवरही फिल्टर ठेवायचा होता. ग्रेसचे नियम बदलत असतात, हे त्याचं म्हणणं. मी नाही म्हटलं. पीएचपीत प्लगइनला मुख्य प्रोग्रामइतकेच अधिकार असतात, मधे भिंत नसते, हे त्यानेच मला शिकवलं होतं. तो म्हणाला, "मग खुंटी नसली तरी कुणी गुण बदलू शकेलच की, सर." खरं आहे. म्हणून त्या फोल्डराचा पासवर्ड सध्या दोघांकडेच आहे, आणि बेरीज मुख्य फाइलमध्येच होते.