अमडापूरहून लोणारच्या तळ्याकाठी

सोयाबीन घरात आले, हरभऱ्याची पेरणी उरकली, की अमडापूरच्या बाजूला एखादा दिवस मोकळा सापडतो. लेकराबाळांना घेऊन जावे कुठे? जवळ ज्ञानगंगेचे अभयारण्य आहे खरे, पण तिथे अस्वल आणि बिबट्या. पोरांनी पायी हिंडण्याचे ते रान नव्हे. समुद्र तर फारच लांब. पण खारे पाणी, काठचे जंगल, दलदल आणि पाणपक्षी एकाच जागी पाहायचे असतील, तर चिखली, मेहकर करीत लोणार गाठावे. एस. टी. ने पहाटे निघालेले बरे.

काठावर उभे राहिले की खाली अठराशे मीटर रुंदीचे गोल कढईसारखे खोरे दिसते आणि त्याच्या तळाशी हिरवट पाणी. हा ज्वालामुखीचा खड्डा असावा, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. १९७३ साली शास्त्रज्ञांनी इथल्या दगडाचा तपास प्रसिद्ध केला आणि आकाशातून पडलेल्या अशनीच्या तडाख्याने खड्डा झाल्याचे पक्के झाले. आपल्या शेताखाली आहे तोच हा काळा पाषाण. चंद्रावरही अशाच काळ्या दगडात खड्डे आहेत, म्हणून जगभरचे लोक लोणारला येतात.

वरच्या अंगाला धारेचे गोड पाणी बारा महिने वाहते. इथे हातपाय धुऊन, पाण्याच्या बाटल्या भरूनच खाली उतरावे. उतार सव्वाशे-दीडशे मीटरचा; पायऱ्या आणि पायवाट आहे. म्हाताऱ्या माणसांनी दम खात उतरावे, घाई कशाला? वाटेत साग, निंब, चिंच, आणि खाली जाल तशी बाभळीची दाटी. वानरे पोरांच्या हातातली शिदोरी हमखास हेरतात. मोराची केका ऐकू येते, आणि काठावर टिटवी, बगळे, टिबुकल्या दिसतात. तळ्याचा पूर्ण फेरा सुमारे चार किलोमीटरचा होतो. लेकरे असतील तर कमळजादेवीच्या बाजूचा तुकडाच पुरे. पाणी वाढलेले असले की काठची वाट बुडते, म्हणून वर वनखात्याच्या माणसांना विचारून उतरावे. पांढुरक्या चिखलात पोरांना उतरू देऊ नये. वरून कोरडा दिसतो, पाय आत जातो.

शेतकऱ्याने नीट पाहावी ती गोष्ट पुढे आहे. धारेचे आणि काठच्या झऱ्यांचे पाणी गोड, मग तळे खारट का? कढईला बाहेर जायला वाटच नाही. पाणी आत येते, उन्हाने उडून जाते, आणि दगडामातीतून विरघळून आलेला खार मागे राहतो. निचरा नसलेल्या शेतात पांढरा थर येऊन जमीन चोपण होते, तोच हा प्रकार, फक्त हजारो वर्षे चाललेला. जुन्या काळी उन्हाळ्यात पाणी आटले की लोक हा खार गोळा करीत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याच्या जातींची नावे होती. देवळाजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीत एका अंगाचे पाणी गोड आणि तळ्याकडच्या अंगाचे खारट, असे सांगतात. त्यात सासू कोण आणि सून कोण, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरवावे!

जून २०२० मध्ये हे तळे गुलाबी झाले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्म जीव सापडले. पाणी आटून खार वाढल्याने ते फोफावले आणि त्यांच्या रंगाने पाणी रंगले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारची गणना जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांत, म्हणजे रामसर यादीत झाली. अभयारण्य तर ते २००० सालीच झाले होते.

पूर्वी या कढईत शेतीही होती. गोड झऱ्याच्या पाण्यावर केळी, मका छान येई. पण पिकाला घातलेले खत आणि फवारलेले औषध उताराने तळ्यातच जाई आणि तिथेच साचे, म्हणून ती शेती बंद झाली. ज्यांची हिरवी बाग गेली, त्यांना ते सोसावे लागले. गावाचे सांडपाणी तळ्यात उतरते हा प्रश्नही नागपूर खंडपीठापुढे गेला. एकट्या शेतकऱ्याच्या नावाने बोट मोडून भागत नाही, हे त्यावरून दिसते. वेडी बाभूळ हे दुसरे दुखणे; वनखात्याने ती काढायचे काम हाती घेतले आहे.

भाकरी खाली नेऊ नये. वर चढून आल्यावर धारेपाशी सोडावी. उन्हे कलायच्या आत गावातले दैत्यसूदनाचे देऊळही पाहून घ्यावे. भिंतींवरची शिल्पे पाहायला तासभर तरी हवा, आणि पोरांना तिथे बसायला सावलीही मिळते.