दूरचा वाचक

ग्रंथालय हा शब्द उच्चारला कीं आपल्याकडील सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें पुस्तकांच्या आधीं कपाट उभें राहतें, आणि कपाटाच्या आधीं त्याचें कुलूप. ह्यांत त्याचा दोष नाहीं. पुस्तक ही राखावयाची वस्तु आहे, ती दहा हातांतून गेली म्हणजे झिजते व अकराव्या हातीं पडली म्हणजे परत येत नाहीं, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या कुलपामागें आहे. आणि आमच्या कोंकणांत तर वाळवी व पावसाळ्यांतील दमट हवा ह्या दोन शत्रूंनीं त्या अनुभवाला आणखी बळकटी दिली आहे. चार महिने कपाट उघडलें नाहीं तर आंतल्या पुस्तकांवर बुरशीची जी साय धरते ती ज्यानें पाहिली आहे, त्याला ग्रंथपालाच्या कपाळावरील आठ्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. तथापि विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा विचार करूं लागलें म्हणजे राखणें हा त्याच्या कामाचा निम्मा भागहि नव्हे असें मला वाटतें, व तें कां वाटतें हें सांगण्यासाठींच हा लेख.

आमच्या रत्नागिरीला वाचनालयाची नवलाई नाहीं. येथील नगर वाचनालय १८२८ सालचें आहे. पेशवाई बुडून दहाच वर्षें झालीं होतीं, तों ह्या बंदरच्या गांवांत वाचण्याची सोय उभी राहिली. पदव्या देणारें मुंबईचें विद्यापीठ निघावयास १८५७ साल उजाडलें. म्हणजे वाचन आधीं व परीक्षा मागाहून, असा क्रम इतिहासांत दिसतो. हा क्रम मी दरवर्षीं प्रथम वर्षाच्या वर्गांत सांगतों, आणि दरवर्षीं कोणत्या तरी बांकावरून प्रश्न येतो कीं, सर, हें परीक्षेला येईल काय? असो.

नगर वाचनालय आणि विद्यापीठाचें ग्रंथालय ह्यांत एक भेद आहे, व तो पुस्तकांच्या संख्येचा नाहीं. नगर वाचनालयांत मनुष्य आपल्या आवडीचें पुस्तक मागण्यास जातो; काय हवें तें त्याला बहुधा ठाऊक असतें. विद्यापीठाच्या ग्रंथालयांत तो प्रश्न घेऊन जातो, आणि त्या प्रश्नाचें उत्तर कोणत्या पुस्तकांत आहे, किंबहुना तें पुस्तकांत आहे कीं एकाद्या जुन्या अहवालांत, नियतकालिकांत अथवा कोणाच्या प्रबंधांत, हें त्याला ठाऊक नसतें. म्हणून पहिल्या ठिकाणीं संग्रह चांगला असला कीं बरेंचसें काम भागतें. दुसऱ्या ठिकाणीं संग्रहाइतकाच तो दाखवून देणारा जाणता मनुष्य लागतो.

मुंबईच्या विद्यापीठाला ग्रंथालय लाभलें तें एका व्यापाऱ्याच्या औदार्यानें. १८६४ सालीं प्रेमचंद रायचंद ह्यांनीं ग्रंथालयाच्या इमारतीसाठीं दोन लक्ष रुपये दिले, आणि आपल्या मातोश्री राजाबाई ह्यांच्या नांवानें मनोरा उभारण्यासाठीं आणखी तितकेच दिले. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट ह्यांनीं विलायतेंत बसून काढला. हिंदुस्थानांत त्यांनीं कधींच पाऊल टाकलें नाहीं. १८७८ सालीं मनोरा पुरा झाला. मनोऱ्यावरचें घड्याळ साऱ्या मुंबईला ठाऊक आहे. त्याच्या पायथ्याशीं ग्रंथालय आहे हें ठाऊक असणारे मुंबईकर मला त्या मानानें फार थोडे भेटले.

मी तेथें प्रथम गेलों तो नव्वदच्या दशकाच्या आरंभीं. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ सालीं खुला झाला. त्यापूर्वींची ही गोष्ट. एस्. टी.च्या रातराणीनें निघावें, कशेडी घाटाच्या वळणांवर झोपेची आशा सोडावी, सकाळीं मुंबईस उतरून एकाद्या नातलगाकडे आंघोळ उरकावी आणि ग्रंथालय उघडतांच दारांत उभें राहावें, असा माझा परिपाठ असे. दिवसभर वहींत टिपणें उतरून घ्यावयाचीं व रात्रीं पुन्हां परतीची गाडी. एका पुस्तकाच्या चाळीस पानांना दोन रात्रींचें जागरण पडे. त्या भव्य दालनांत रंगीत कांचांतून येणारा उजेड वहीवर पसरे, तो मला अजून आठवतो. परंतु त्याहून अधिक आठवतात ते तेथील एक वयस्क साहाय्यक. मीं पुस्तकाचें नांव लिहिलेली चिठ्ठी पुढें केली, तेव्हां ती बाजूला ठेवून त्यांनीं विचारलें, "तुम्हांला शोधावयाचें काय आहे, तें सांगा पाहूं." इंग्रजी अमदानींतील कोंकणांतल्या शाळा हा माझा विषय मीं अडखळत सांगितला. अर्ध्या तासानें मागितलेल्या पुस्तकाबरोबर आणखी दोन पुस्तकें माझ्या टेबलावर आलीं, आणि माझ्या प्रबंधाचें दुसरें प्रकरण त्यांतल्या एकावर उभें आहे. त्या गृहस्थांचें नांव विचारण्याचें मला सुचलें नाहीं. विद्यापीठाचें ग्रंथालय म्हणजे काय, हें मात्र मला त्या दिवशीं कळलें.

ग्रंथ हलत नाहीं म्हणून माणूस हलतो, हा आमच्या जिल्ह्याचा जुनाच अनुभव आहे. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांचा जन्म १८८० सालीं चिपळुणाजवळ झाला, शालेय शिक्षण दापोलीस झालें. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे पांच खंड १९३० ते १९६२ ह्या काळांत निघाले, आणि १९६३ सालीं त्यांस भारतरत्न हा किताब मिळाला. तें प्रचंड काम मुंबईंत झालें. दापोलींत राहून तें झालें असतें काय? बुद्धि तीच, चिकाटीहि तीच; परंतु हाताशीं आशियाटिक सोसायटीसारखा संग्रह कोठून असणार? जे मुंबईस जाऊं शकले त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत. जे जाऊं शकले नाहींत त्यांच्यापैकीं कितीजणांचे खंड डोक्यांतच राहून गेले, ह्याची नोंद कोणत्याहि सूचींत सांपडावयाची नाहीं.

ह्या प्रश्नाकडे आपल्या देशांत ज्यांनीं हिशेबी नजरेनें पाहिलें ते गणिताचे प्राध्यापक होते, हें मला मोठें सूचक वाटतें. शियाळी रामामृत रंगनाथन् हे १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले खरे, पण त्या एकांतवासाला कंटाळून थोड्याच दिवसांत ते कॉलेजांत परत जावयास निघाले. विलायतेस जाऊन तेथील ग्रंथालयें पाहून या आणि मग ठरवा, अशी त्यांची समजूत घालण्यांत आली. ते गेले, आणि परत आल्यावर वर्गाचें नांव त्यांनीं काढलें नाहीं. १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. पुस्तक हें वापरासाठीं आहे, अशा अर्थाचें पहिलें सूत्र सर्वांना पाठ असतें. माझें लक्ष मात्र चौथ्याकडे जातें, जें वाचकाचा वेळ वांचविण्याविषयीं आहे. शहरांतील वाचकाचा वेळ म्हणजे अर्धा तास. आमचा म्हणजे दोन रात्री. त्याच १९३१ सालीं मद्रास इलाख्यांत मन्नारगुडीच्या आसपासच्या खेड्यांतून बैलगाडीवर पुस्तकें फिरूं लागलीं. बैलगाडी ही कांहीं आधुनिक वस्तु नव्हे. पण ती ज्या दिशेनें चालली होती ती दिशा मला आधुनिक वाटते.

आज तें काम संगणक करतो, आणि फार उत्तम करतो, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. इन्फ्लिबनेट ह्या केंद्राच्या 'शोधगंगे'वर देशांतील विद्यापीठांचे पांच लाखांहून अधिक प्रबंध कोणासहि घरबसल्या वाचतां येतात. (चोरी पकडणारें यंत्रहि ह्याच सुमारास ग्रंथपालांच्या हातीं आलें, हा योगायोग नसावा.) एन्-लिस्ट योजनेंतून महाविद्यालयांना नियतकालिकें व ग्रंथ मिळतात. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठीं ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक आणि जवळजवळ १३,००० नियतकालिकें, असा तिचा पसारा आहे. पसारा मोठा व हेतु स्तुत्य. परंतु ती आंखली गेली सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांसाठीं, आणि कोंकणांतील बहुतेक महाविद्यालयें तर स्थानिक शिक्षणसंस्थांनीं दारोदार वर्गणी मागून उभारलेलीं आहेत. विद्यापीठ एक, अभ्यासक्रम एक, प्रश्नपत्रिकाहि एक. मग वाचावयास मिळणारे ग्रंथ तेवढे निराळे कां असावे? मुंबईच्या मुख्य इमारतींतील विद्यार्थी हा विद्यापीठाचा वाचक, आणि रत्नागिरीच्या संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थी हा त्या महाविद्यालयाचा वाचक, ही वांटणी व्यवस्थेच्या सोयीची असेल. विद्येच्या सोयीची नाहीं. पदवीच्या कागदावर तर दोघांच्याहि नांवाखालीं एकच शिक्का उमटतो.

दुसरी अडचण पैशाची नाहीं. गेल्या दोनतीन वर्षांत एक नवाच प्रकार पाहावयास मिळतो. विद्यार्थी कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला प्रश्न विचारतो. तें त्याला पांच ग्रंथांचीं नांवें देतें, लेखक, प्रकाशक व सालासकट. आणि त्यांतलीं दोन पुस्तकें जगांत कोणीं लिहिलेलींच नसतात. आमच्या ग्रंथपालांनीं अशा एका पुस्तकाच्या शोधांत दोन दिवस घालविले. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं त्या मुलाला बोलावून घेतलें, आणि न रागावतां, सूची कशी पाहावी, प्रकाशकाची यादी कोठें मिळते, एकादें पुस्तक मुळांत नाहींच हें कशावरून ओळखावें, तें सारें शेजारीं बसवून दाखविलें. ह्या तासाभराच्या कामाची नोंद कोणत्याहि अहवालाच्या तक्त्यांत होत नाहीं. पण आजच्या विद्यापीठीय ग्रंथालयाची सर्वांत मोठी सेवा कोणती, असें मला कोणीं विचारलें तर मी ह्याच तासाकडे बोट दाखवीन. आणि नेमक्या अशा वेळीं कित्येक महाविद्यालयांत ग्रंथपाल निवृत्त झाले कीं ती जागा वर्षानुवर्षें रिकामी राहते, व 'आतां सगळें नेटवर आहे' असें तिचें समर्थन ऐकूं येतें. वैद्याला रजा देऊन औषधांचें दुकान वाढविण्यासारखेंच हें आहे.

सगळें नेटवर आहे, हेंहि खरें नाहीं. इंग्रजी पुष्कळ आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडीवरील १८८० सालचा खंड आज कोणालाहि पडद्यावर उलगडतां येतो. मराठीची स्थिति वेगळी. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची शंकर गणेश दाते ह्यांनीं जन्माचें व्रत मानून केली. विद्यापीठांनीं करावयाचें तें काम एका माणसानें करावें, ह्याचा अभिमान वाटावा कीं लाज, हें माझें मला अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. आणि सूचींत तरी आलेलीं तीं पुस्तकें. गांवोगांवच्या स्मरणिका, शाळांचे वार्षिक अंक, उत्सवांचीं पत्रकें ह्यांची सूची कोण करणार?

ह्यावर्षीं आमच्याकडील इतिहासाच्या एका विद्यार्थिनीनें कातळशिल्पांचा विषय घेतला आहे. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचें गोठणें अशा गांवांच्या सड्यांवर जांभ्यांत कोरलेलीं तीं चित्रें २०२२ सालीं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादींत गेलीं, तेव्हांपासून त्यांच्यावर इंग्रजींत बरेंच लिहिलें जात आहे, व तें तिला आमच्या ग्रंथपालांनीं चार दिवसांत मिळवून दिलें. परंतु तिचा प्रश्न निराळा आहे: संशोधक येण्यापूर्वीं गांवकरी ह्या चित्रांना काय म्हणत होते? त्यांना कोण कशाचीं पावलें समजत असे, गुरें तेथून कां नेत नसत, असल्या गोष्टी कोणत्या नियतकालिकांत छापून येणार? चौकशी करतां करतां असें समजलें कीं, राजापुराकडील एका शाळेनें आपल्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेंत तेथील एका जुन्या गुरुजींचा सड्यावरील चित्रांविषयींचा लेख छापला होता. आमच्या ग्रंथपालांनीं त्या शाळेला पत्र धाडलें. लेखाची प्रत मिळाल्यास ती ग्रंथालयांत कायमची ठेवूं, असेंहि त्यांत लिहिलें. उत्तर आलें आहे. जुने अंक माळ्यावरील पेटींत आहेत, पाऊस उघडल्यावर पेटी खालीं काढून पाहूं, असें मुख्याध्यापकांनीं कळविलें आहे.