चुलीची माती

घरोघरी मातीच्या चुली. ही म्हण सध्या माझा पिच्छा सोडत नाही. घरात वाद झाला की शेजारणीनं हेच बोलून समजूत घालायची, एवढाच तिचा उपयोग मी पाहिलेला. माती कुठली, हे कधी कुणी विचारलं नाही. आमच्या उमरीकडे ती वावरातून यायची. आजी तिच्यात भुसा आणि शेण कालवायची, मळून मुरू द्यायची, मग चूल घालायची. शेजारी वैल काढायची. पुढच्या जाळावर भाकरी, मागच्या धगीवर वरण. वावर आजोबांच्या नावावर. त्यातली टोपलीभर माती तेवढी आजीच्या वाट्याची.

ती चूल मोडली तेव्हा गावानं सुनांना बोल लावला. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. एक काका रेल्वेनं हैदराबादला गेले, तिथेच कामाला लागले. धाकटे कापूस आणि सोयाबीन बघत राहिले. एकाचा पगार महिन्याला, दुसऱ्याचा पैसा हंगामाला, तोही पाऊस झाला तर. मग एका डब्यातून खर्च कसा चालावा? जाळ वेगळा झाला तो हिशेब जुळेना म्हणून. पुढे गॅस आला आणि माती मळणंच संपलं.

पण वेगळी चूल म्हणजे वेगळं कुटुंब का? जनगणनेत एका स्वयंपाकघरातलं खाणारे ते एक कुटुंब. पीएम-किसानच्या वर्षाला 6000 रुपयांसाठी नवरा, बायको आणि अज्ञान मुलं एवढंच कुटुंब. सज्ञान मुलगा त्यात धरत नाहीत, मग तो त्याच ताटात जेवत असला तरी. कोर्टाचं आणखी निराळं. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या एवढ्यावरून वाटणी झाली असं कोर्ट धरत नाही. म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरचं पाणी न पिणारे भाऊही कायद्यानं एकत्र असू शकतात.

आणि लेक? ती तर लग्नानंतर या चुलीवर जेवतच नाही. तरी महाराष्ट्रानं 1994 साली लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला. त्याआधी लग्न झालेल्या मात्र वगळल्या. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या कायद्यानं तोही भेद काढला. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. त्यामुळे वडील गेले की वारसांच्या फेरफाराला लेकींचीही नावं लागतात, आणि पाठोपाठ हक्कसोडपत्राची गोष्ट निघते. बहिणी ओट्यावर बसतात. कुणी तरी म्हणतं, ‘‘मला वावर नको दादा, माहेर ऱ्हाऊ द्या.’’ भावाच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते खरं असतं. बहिणीचंही खरं असतं.

मी या वाक्याशी फार दिवस झगडते आहे. माहेर राहावं म्हणून हक्क सोडायचा, तर भाऊ माहेर राहावं म्हणून काय सोडतो? असं म्हटलं की धाकटा भाऊ दिसतो. बाकीचे बाहेर पडले, कर्ज काढून वावर पिकवलं त्यानंच, आईचं दुखणं-खुपणं काढलं त्याच्या बायकोनं. त्या वहिनीचं नाव तर सातबाऱ्यावरही नाही आणि हक्कसोडपत्रावरही नाही. माझा वाटा मी घेतला तर तिच्या राबण्याचा मोबदला कोण देणार? नाही घेतला तर माझ्या लेकीला मी काय सांगू? आजी असती तर तिनं कुणाची बाजू घेतली असती, तेही मला ठरवता येत नाही. पूर्वी वाटायचं, कायदा झाला, प्रश्न मिटला. आता तसं वाटत नाही. कायदा चुकला असंही वाटत नाही.

एक मात्र मागावंसं वाटतं. बहिणीला सहीला बोलवाल तेव्हा कागद आधी तिच्या घरी पाठवा, तिला वाचू द्या, कुणाला विचारायचं तर विचारू द्या. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेर गाडी उभी करून तिथे पहिल्यांदा तो कागद तिच्या हातात देऊ नका.