मुखवट्याच्या आत

झांग यीमौ यांचा ‘हाउस ऑफ फ्लाइंग डॅगर्स’ (2004) मी म्हैसूरला घरी दोनदा पाहिला. पहिल्यांदा डोळे दिपले, दुसऱ्यांदा चुटपुट लागली. नर्तकीने लांब बाह्यांनी नगारे वाजवावेत, बांबूच्या रानात शेंड्यांवरून भाले बरसावेत, हे पुन्हा पाहावं असंच आहे. चुटपुट माणसांची.

कथा 859 सालची, तांग राजवटीच्या उतरत्या काळातली. प्रत्येकजण सोंग घेऊन वावरतो. मेई आंधळी नाही, पण आंधळी म्हणून वागते. जिन सरकारी अंमलदार. बंडखोरांचा ठावठिकाणा काढायला तो भटका योद्धा बनून तिच्यासोबत निघतो. त्याचा सहकारी लिओ तर तीन वर्षं सरकारी चाकरीत दडलेला बंडखोरच. एवढं भांडवल हाताशी असताना, आंधळेपण वठवता वठवता मेईचं आत काय झालं, हे चित्रपट विचारत नाही. तीन वर्षं ज्यांच्या पंगतीला बसला, त्यांच्याबद्दल लिओला काहीच वाटलं नाही? सोंग उतरलं की खाली फक्त प्रेम आणि मत्सर उरतो. गरिबांसाठी चाललेलं बंड मागे पडतं. सैन्य रानात शिरतं, पण ती लढाई पडद्यावर येतच नाही.

बंडखोरांच्या प्रमुखाची भूमिका अनिता मुई करणार होत्या. डिसेंबर 2003 मध्ये त्या गेल्या आणि झांग यांनी दुसरी नटी न घेता पटकथा बदलली. तो निर्णय माणुसकीचा होता. पण मेई, जिन, लिओ तर अखेरपर्यंत समोर होते.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’तही (1882) सोंगच आहे. अर्जुन यती होऊन येतो आणि सुभद्रा त्याला न ओळखता त्याच्या सेवेला लागते. तिथे सोंगामुळेच माणसं कळतात: बलरामाचा भाबडा भक्तिभाव, कृष्णाची खोडी, अर्जुनावर रुसलेल्या सुभद्रेचं खरं मन. नाटक हलकंफुलकं, तरी माणसं आपल्याबरोबर घरी येतात.

मला हे एवढं लागतं, त्याचं कारण साधं आहे. आमच्या घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. देवराज मार्केटमध्ये ‘स्वल्प कम्मी माडि’ म्हणताना मी सुरुवातीला सोंगच घेत होते. बावीस वर्षांत त्या बाईला स्वतःचा आवाज फुटला. ती माझ्याहून धीट आहे, चटकन भांडते, चटकन हसते. आता राग आला की तोंडात आधी कन्नड येतं. सोंग फार दिवस अंगावर राहिलं की अंगात मुरतं.

म्हणून शेवटी बर्फात दोन पुरुष तलवारी चालवत असताना मी मेईचाच विचार करत होते. एकाने तीन वर्षं तिची वाट पाहिली, दुसऱ्याची सोबत जेमतेम तीन दिवसांची. तरी तिचं मन दुसऱ्याकडे का ओढलं? कदाचित आंधळी मेई ज्याच्या भरवशावर चालली, त्या मेईला ओळखणारा तो एकटाच होता. हे उत्तर मी माझ्या पदरचं घातलं आहे. इतक्या देखण्या चित्रपटात ते प्रेक्षकाला घालावं लागतं, याचीच हळहळ.